कुठलीही चालेल

“टोकाकडं बघ, नात्सु. टोक जिकडं, तिकडं माणूस.”

हा आवाज त्सुनेओंचा, नात्सुएच्या वडिलांचा. ती तेव्हा एवढीशी होती. गुडघाभर बर्फात उभी, पायांत तिच्या उंचीहून लांब फळ्या, आणि ते उताराच्या तळाशी हात पसरून थांबलेले. धुक्यात माणूस दिसत नव्हता, नुसता आवाज वर चढून येत होता. माणूस जाऊन आता बरीच वर्षं झाली. आवाज मात्र मेणाच्या वासात राहून गेला आहे. इस्त्री तापली, मेणाची वडी तिला टेकवली, पहिला धूर निघाला, की तो येतो.

आज सकाळीही आला. नात्सुएने इस्त्री उचलून धरली आणि समोर लाकडी घोडीवर पालथ्या पडलेल्या फळीकडे बघत राहिली. हिचं टोक कुठलं? या बाजूनेही वर वळलेली, त्या बाजूनेही.

मिझोसावात स्कीला कुणी स्की म्हणत नाही, फळीच म्हणतात. गावाच्या टोकाला, नदीपाशी, फळ्या करण्याचा छोटा कारखाना आहे. त्सुनेओंनी तिथे जन्मभर लाकूड वाकवलं. वाफेवर मऊ झालेली पट्टी साच्यावर चढवताना ते पुटपुटायचे,

वाक रे लाकडा, वाक थोडं,
उतारावरचं तू माझं घोडं.

त्यांच्या शेवटच्या वर्षांत दोन्ही टोकांना वळलेल्या फळ्यांची मागणी आली. पोरं टेकाडावरून उडी घेतात, हवेत गिरकी मारतात, उलट तोंडाने उतरतात आणि तशीच पाठमोरी घसरत जातात. त्यांना मागेही टोक लागतं. अशी पहिली फळी प्रेसमधून निघाली तेव्हा त्सुनेओंनी ती हातात घेऊन इकडून पाहिली, तिकडून पाहिली आणि गंभीरपणे विचारलं, “दोच्ची?” म्हणजे कुठली, पुढची बाजू कुठली. सगळा कारखाना हसला. तेव्हापासून तिथे या फळीचं नावच दोच्ची पडलं. त्सुनेओंनी त्या केल्या, मन लावून केल्या, पण पायात कधी घातल्या नाहीत. वडिलांच्या जागी प्रेसवर उभी राहिलेली नात्सुए आता तेवढ्याच करते. दुसऱ्या फळ्यांना गिऱ्हाईक उरलेलं नाही.

घोडीवर आज दोन जोड्या होत्या. एक तोबी, म्हणजे घार; ही त्यांच्या कारखान्याची, गेल्या शरदात नात्सुएने स्वतः दाबलेली. दुसरी केल्बर, ऑस्ट्रियाहून आलेली. दोन्हींच्या नावांवर पांढऱ्या कागदी पट्ट्या चिकटवल्या होत्या. फळ्या पायांनी निवडायच्या, डोळ्यांनी नाही, असं केल्बरच्या माणसाचं म्हणणं.

निवडायच्या होत्या चिहायाला. चिहाया नात्सुएची मुलगी, एकोणीस वर्षांची. यंदा साप्पोरोच्या उड्यांच्या स्पर्धेत ती तोबीवरून उतरली आणि तिसरी आली. कारखान्यात त्या दिवशी सणासुदीचा लाल भात शिजला. महिनाभराने केल्बरचे मोरिवाकी-सान तोक्योहून केकचा खोका घेऊन दारात उभे. चिहायाने केल्बर घेतली तर दोन हिवाळे ऑस्ट्रियात, त्यांच्या संघाबरोबर, मोठ्या उड्यांच्या मैदानावर. तोबी घेतली तर मिझोसावातलं एकुलतं एक टेकाड आणि आईच्या हातची फळी. मोरिवाकी-सान भला माणूस. एकाच दिवशी, एकाच बर्फावर दोन्ही चालवून बघ आणि संध्याकाळची बस सुटायच्या आत सांग, एवढंच ते म्हणाले. वरून तीनदा वाकले.

त्या रात्री चिहायाने जेवताना विषय काढला तेव्हा नात्सुए लोणच्याची पानं चिरत होती. सुरी न थांबवता ती म्हणाली, कुठलीही चालेल, तुझे पाय, तुझी फळी. चिहाया म्हणाली, मलाही कुठलीही चालेल. मग दोघींनी भात संपवला.

या घरात हे जुनंच होतं. नवरा ओसाकाला निघून गेल्यापासून दोघीच राहत होत्या. भात करू की शेवया? काहीही चालेल. अंघोळीला आधी तू की मी? कुणीही. त्या शब्दांची एक उशीच झाली होती, आणि दोघी त्या उशीवर डोकं टेकून वर्षं काढत होत्या. कारखान्याचे मालक कोमियामा-सान यांनाही चिहायाने विचारलं होतं. तेसुद्धा शेगडीकडे बघत म्हणाले होते, तुला सोयीची वाटेल ती घे गं, आमचं काय. आमचं काय, असं जो माणूस म्हणतो त्याचं फार काही असतं, हे नात्सुएला कळत होतं. चिहायाच्या पायात तोबी होती म्हणून तर चार गावची पोरं तीच फळी मागायला येत होती.

चिहाया तोबीच घेणार, हेही तिला कळत होतं. पायांना काहीही वाटलं तरी तोबी घेणार, आजोबांसाठी, मालकांसाठी, आणि रोज संध्याकाळी खांदा चोळत घरी येणाऱ्या आईसाठी. म्हणजे तिला जा म्हणून सांगायला हवं. पण नात्सुएला धास्ती होती ती स्वतःच्याच तोंडाची. ते उघडलं, तर ‘जा’च्या आधी ‘जाऊ नकोस’ बाहेर पडेल.

एप्रिलचा शेवट होता. बर्फ सडलेला, ओला, साखरेच्या पाकासारखा. अशा बर्फाला पिवळं मेण लागतं, मऊ. नात्सुएने केल्बरला पिवळं मेण लावलं, इस्त्री हळू फिरवली, निवू दिलं, खरवडलं, ब्रश मारला. मग तोबी घोडीवर घेतली. कपाटात जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत लावायची ती निळी, कडक वडी होती. नात्सुएचा हात तिच्याकडे गेला. ओल्या बर्फात ती फळीला धरून ठेवते.

“टोकाकडं बघ, नात्सु.”

तिने बघितलं नाही. इस्त्री टेकवली आणि निळा थेंब फळीवर पडला.

*

उताराच्या पायथ्याशी ऊन तापलं होतं. बर्फाच्या कडेने चिखल उघडा पडला होता आणि त्यात फुकीच्या रानभाजीच्या हिरव्या कळ्या डोकं वर काढत होत्या. मोरिवाकी-सान शहरी बुटांत उभे होते. पाय ओले झाले होते, पण ते तसं दाखवत नव्हते. कोमियामा-सान थर्मासमधला चहा सगळ्यांना ओतून देत होते, स्वतः घेत नव्हते. लिफ्टच्या खुर्च्यांवर माणसं बसवणारे म्हातारे गोरो-सान आपली जागा सोडून पट्ट्या बघायला आले.

“हे काय, नावं झाकलीत?” ते म्हणाले. “माझ्या बायकोच्या डोक्यावरनं गोणपाट टाका, तरी पायरीवरचा पाय ओळखीन मी.”

“ओळखाल आणि पळाल,” नात्सुए म्हणाली. गोरो-सान हसले, मोरिवाकी-सानही हसले. कोमियामा-सान चहा ओतत राहिले.

चिहाया आधी केल्बर घालून वर गेली. खाली आली ती सपकन. टेकाडावरून उडाली, हवेत एकदा फिरली आणि पाठमोरी उतरली. फळ्या बर्फावर टेकल्याचा आवाज एकच आला, दार नीट लागावं तसा. मोरिवाकी-सानांनी टाळी वाजवली नाही. सभ्य माणूस, नुसतं बुटातलं पाणी झटकलं.

मग तोबी. वरच्या खुर्चीपासून चिहाया निघाली ती निघालीच आहे असं वाटत राहिलं. पहिल्याच वळणाला फळी अडली, तिला काठ्या माराव्या लागल्या. टेकाडापर्यंत वेग आलाच नाही. उडी घेतली ती आखूड, आणि उतरली ती कशीबशी.

“नात्सु,” गोरो-सान म्हणाले, “तुझी घार आज पायी चाललीय.”

त्यांनी गमतीने म्हटलं होतं. कुणी हसलं नाही. नात्सुए उताराकडे बघत होती, पण तिला ऐकू आलं ते शेजारचं. कोमियामा-सानांनी थर्मासचं झाकण लावलं, ते नीट बसलं नाही म्हणून काढलं, पुन्हा लावलं. मग फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, “आपली फळी म्हातारी झाली, नात्सुए-सान. माझ्याबरोबरच झाली. तुमच्या हाताचा दोष नाही हो, लाकूडच मी हलकं घेतलं यंदा.”

लाकडात काही दोष नव्हता. ते लाकूड तिने स्वतः निवडलं होतं, कानाशी धरून, बोटाने वाजवून. सांगावं असं वाटलं. पण मेणाचं सांगितलं तर सगळंच सांगावं लागेल. तिने चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. तो गार झाला होता.

चिहाया पुन्हा वर गेली, पुन्हा उतरली. आधी एक जोडी, मग दुसरी. दर वेळी तसंच. शेवटी ती फळ्या खांद्यावर टाकून आली, गालांवर ऊन चढलेलं. मोरिवाकी-सानांनी वाकून विचारलं, कशा वाटल्या. चिहायाने आईकडे पाहिलं. नात्सुए तिच्या बुटांकडे बघत होती.

“कुठलीही चालेल,” चिहाया म्हणाली.

मोरिवाकी-सानांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, बस संध्याकाळची आहे, घाई नाही, मी खानावळीत बसतो. जाताना ते कोमियामा-सानांपुढे, सांत्वनाला वाकावं तसे, जास्त खोल वाकले, आणि ते पाहून नात्सुएला वाटलं, निदान तेवढं तरी त्यांनी करायला नको होतं.

*

मेणाच्या खोलीत दोघी परत आल्या तेव्हा उन्हं कलली होती. नात्सुएने भाताचे गोळे फडक्यातून काढले. चिहायाने एक घेतला, दोन घासांत संपवला, आणि न विचारता तोबी घोडीवर पालथी केली. कपाटातून खरवडायची पट्टी काढली. नात्सुए म्हणाली, राहू दे, मी करते, तू दमलीस. चिहाया म्हणाली, मी नाही दमले.

पट्टी फळीवरून सरकली आणि मेणाचे कुरळे सोललेले तुकडे जमिनीवर पडू लागले. सकाळचे पिवळे तिथेच होते, झाडायचे राहिले होते. त्यांच्यावर निळे पडत गेले. चिहाया खरवडत होती, थांबत नव्हती. नात्सुएने हातातला गोळा पुन्हा फडक्यात ठेवला.

खरवडून झाल्यावर चिहायाने इस्त्री लावली. पिवळी वडी घेतली. पोरीचा हात आजोबांसारखा होता, सावकाश आणि न उचलता फिरणारा. धूर निघाला.

“पहिल्याच वळणाला कळलं मला,” ती इस्त्रीकडे बघत म्हणाली. “पायाखाली फळी नव्हती, चिकट भाताची परात होती.”

नात्सुएने फडक्याची गाठ बांधली.

“मला वाटलं, चुकलं असेल. दमलेली असतेस तू. मग म्हटलं, तू चुकशील? मेणात?” तिने फळीच्या टोकापर्यंत इस्त्री नेली आणि परत आणली. “मी तोबीला हो म्हणेन म्हणून ना?”

“हो.”

“नसतं म्हटलं मी.”

नात्सुएने वर पाहिलं.

“केल्बर ताठ आहे, आई. मोठ्या उडीवरनं खाली आल्यावर ताठच लागते. आपली मऊ आहे, इथल्या टेकाडाला बरोबर आहे. नीट मेण असतं तरी मी केल्बरच घेतली असती.” मग जरा थांबून ती म्हणाली, “पण तोबी नीट हरली असती. मालकांनी ते बघितलं असतं. आज त्यांनी भलतंच बघितलं.”

हे मात्र नात्सुएला लागलं. सबंध दिवसात तिला कुणी बोललं नव्हतं, आणि बोललं ते हे. तिने केरसुणी घेतली आणि निळे-पिवळे तुकडे एका बाजूला सारू लागली. झाडता झाडता म्हणाली की मालकांकडे ती आज संध्याकाळीच जाईल, मेणाचं सांगेल, लाकडाचंही सांगेल. चिहाया म्हणाली, सांग. मग नात्सुएने विचारलं, असं होतं तर मघाशी सगळ्यांसमोर कुठलीही चालेल का म्हणालीस.

“तू म्हणतेस म्हणून,” चिहाया म्हणाली. तिने तोबी उचलली. “चल वर. गोरोआजोबांनी अजून लिफ्ट बंद नाही केलेली.”

“मी कशाला वर? माझ्याकडं फळ्या नाहीत.”

“चल तर.”

*

गोरो-सान खुर्च्या पुसून ठेवण्याच्या बेतात होते. दोघींना बघून त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. दोघी वर आणि फळ्या एकीच्याच, मग दुसरी कशी उतरणार, गडगडत का, असं विचारून त्यांनी नात्सुएला हाताने धरून खुर्चीत बसवलं. म्हणाले, उतरायची खुर्ची तुझ्यासाठी चालू ठेवतो. बायको जेवायला वाढून बसलीय, पण ती रोजच बसलेली असते.

खुर्ची वर निघाली. खाली उतार मागे पडत गेला. चिखलाचे पट्टे, सकाळच्या वळणांच्या रेघा, टेकाडाची झिजलेली पाठ. पलीकडे कारखान्याचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. नात्सुएचा खांदा ठणकत होता. चिहायाचे पाय फळ्यांसकट हवेत लोंबकळत होते, पिवळ्या मेणाने चकचकीत.

वर वारा होता. चिहाया उताराच्या काठावर गेली आणि मग आईकडे तोंड करून वळली. खाली पाठ, वर तोंड. फळ्यांच्या कडा बर्फात रोवून ती तशीच तोलून राहिली, मध्ये दोन-चार हातांचं अंतर. या फळ्यांवर असं उभं राहता येतं. मागे टोक आहे म्हणून येतं.

“आजोबांचा आवाज येतो ना तुला,” ती म्हणाली, “मेण लावताना?”

“तुला कुणी सांगितलं?”

“तू उत्तरं देतेस मधूनमधून. लहानपणापासून ऐकतेय मी.” ती हसली नाही. “मी तिकडं जाईन. तिथंही रोज मेण लावीन. तेव्हा मला तुझा कुठला आवाज यायचा, आई? ‘कुठलीही चालेल’?”

नात्सुएने पदर असता तर तो चाचपावा तसे कोटाच्या खिशात हात घातले. आत मेणाचा एक तुकडा होता. निळा की पिवळा, ते बोटांना कळत नव्हतं.

“तुला जायचंय ना?” तिने विचारलं.

“जायचंय.”

“मग झालं तर.”

“नाही झालं. मी माझं सांगितलं. तू तुझं नाही सांगितलंस.”

खाली खानावळीपाशी बस येऊन उभी राहिली होती, काड्यापेटीएवढी. तिच्या शेजारी एक बारका माणूस उभा होता, ओल्या बुटांचा. त्याच्याही पलीकडे कारखान्याच्या दाराशी आणखी एक ठिपका होता. तो आत जात नव्हता.

चिहायाने कडा जराशा सैल केल्या. फळ्या सरकल्या, हातभर मागे. ती खाली चालली होती आणि बघत होती वर, आईकडे. टोक जिकडं तिकडं माणूस, असं त्सुनेओ म्हणायचे. पण या फळीला दोन टोकं होती, एक उताराकडे आणि एक नात्सुएच्या पायांकडे. त्यांनी जन्मात एकदा ती पायात घातली असती, तर त्यांनाही हे दिसलं असतं, असं नात्सुएला वाटलं.

“आई,” चिहाया म्हणाली. ती आणखी हातभर मागे गेली होती. “आवाज पोचेल तोवर सांग.”

नात्सुएने खिशातून हात बाहेर काढले.

“जाऊ नकोस असं वाटतं मला,” ती म्हणाली. “फार वाटतं. आता जा.”